४४०००१ : मोठी संख्या हाताने कशी उलगडायची

नागपूर स्टेशनावर आरएमएसमध्ये, म्हणजे रेल्वे टपाल सेवेत, मी एकतीस वर्षं टपालाचं सॉर्टिंग केलं. पाकीट हातात आलं की डोळा आधी खालच्या सहा आकडी पिनकोडावर जायचा आणि हात आपोआप कप्प्याकडे. ४४०००१ म्हणजे सिव्हिल लाइन्समधलं जीपीओ, शहराचं मुख्य टपाल कार्यालय. हे सहा आकडे मी किती वेळा वाचले असतील याचा हिशेब नाही, पण संख्या म्हणून त्यांच्याकडे पहिल्यांदा पाहिलं ते निवृत्त झाल्यावर, मागच्या मे महिन्यात.

नात रेवा सुट्टीत आली होती. आठवीत गेलेली. शाळेने काम दिलं होतं: आपल्या आसपासची एक सहा अंकी संख्या घ्या आणि तिचे गुणधर्म लिहा. तिने मोबाइलवरून चाळीस ओळींची यादी उतरवून आणली. विषम, संयुक्त, न्यून, हर्षद, असं बरंच काही. मी विचारलं, "यातलं तू काय तपासलं?" तर म्हणते, "आजी, तिथे लिहूनच होतं न!" मी ती यादी बाजूला ठेवली, कूलरच्या हवेने वही फडफडू नये म्हणून तिच्यावर अडकित्ता ठेवला आणि म्हटलं, चल, हातानं करू. चार दुपारी लागल्या. ते कसं केलं ते इथे लिहिते, म्हणजे तुमच्या गावच्या पिनकोडावर तुम्हालाही करता येईल.

आधी एक गोष्ट पक्की करा. पिनकोड हा मुळात पत्ता आहे. १५ ऑगस्ट १९७२ ला ही पद्धत सुरू झाली. ती आखणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठी, संस्कृतचे मोठे अभ्यासक. पहिला ४ म्हणजे महाराष्ट्र, गोवा, मध्य प्रदेश आणि छत्तीसगढ हा विभाग. पहिले तीन मिळून ४४० म्हणजे नागपूर, आणि शेवटचे तीन म्हणजे तिथलं टपाल कार्यालय. सॉर्टरसाठी प्रत्येक अंकाला वेगळा अर्थ आहे. पण चार लाख चाळीस हजार एक असं म्हटलं की ते अर्थ गळून पडतात आणि एकच राशी उरते. इतके गहू मोजून ठेवले तर जी रास होईल, तिच्याबद्दल आपण बोलतोय.

म्हणून मी रेवाच्या वहीत दोन कप्पे आखले. पहिल्यात राशीचे गुण: ती कशाने भागली जाते, तिचे समान वाटे पडतात का, ती दोन वर्गांची बेरीज आहे का. दुसऱ्यात लिहिण्याचे गुण: अंकांची बेरीज, उलटून वाचलं तर काय येतं, वगैरे. ओळखायची खूण सोपी आहे. तीच संख्या दहाच्या ऐवजी दोनच्या पायावर, म्हणजे फक्त ० आणि १ वापरून, लिहिली तर तो गुण टिकतो का? टिकला तर पहिला कप्पा, नाही तर दुसरा. इंटरनेटवरच्या याद्यांमध्ये हे दोन्ही एकत्र कालवलेलं असतं, आणि म्हणूनच मुलांना त्यातलं काही कळत नाही असं माझं स्पष्ट मत आहे.

सुरुवात कायम मूळ अवयवांपासून करायची. पहिल्या कप्प्यातलं जवळपास सगळं त्यांतून आपोआप निघतं. शेवटचा अंक १, म्हणजे २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ४ + ४ + ० + ० + ० + १ = ९, म्हणून ९ ने भाग जातो. १०, १००, १००० या सगळ्यांना ९ ने भागलं की बाकी १ उरते, त्यामुळे संख्येची ९ ने उरणारी बाकी आणि अंकांच्या बेरजेची बाकी एकच. (म्हणजे कसोटी लिहिण्यातून येते, पण ९ ने भाग जाणं हा राशीचा गुण. रेवा इथे अडखळली होती, म्हणून मुद्दाम सांगते.) भागून टाका: ४४०००१ ÷ ९ = ४८८८९.

लहान अवयव सापडला की तो लगेच काढून टाकायचा, पुढचं मोठ्या संख्येवर करत बसायचं नाही. याचा फायदा किती ते पाहा. एखादी संख्या मूळ आहे का हे ठरवायला तिच्या वर्गमुळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहावं लागतं. दोन अवयव असतील तर दोघेही एकाच वेळी वर्गमुळाहून मोठे असू शकत नाहीत, नाही तर गुणाकार संख्येच्या पुढे जाईल. ४४०००१ चं वर्गमूळ ६६३ च्या थोडं पुढे आहे. ४८८८९ चं मात्र २२१ च्या जरासं पुढे, कारण २२१ चा वर्ग ४८८४१ आणि २२२ चा ४९२८४. ९ बाहेर काढल्याबरोबर ६६३ ची मजल २२१ वर आली.

आता २२१ पर्यंतच्या मूळ संख्या हव्यात. चौकटीच्या कागदावर २२१ पर्यंत आकडे लिहा आणि २, ३, ५, ७, ११, १३ यांच्या पटी खोडा. पुढे जायची गरज नाही, १७ चा वर्गच २८९ आहे. १ सोडून जे न खोडलेलं उरतं त्यात हे सहा धरले की ४७ मूळ संख्या होतात, शेवटची २११. स्वतः २२१ सुद्धा खोडला जातो, तो १३ × १७ आहे.

२, ३, ५ चा प्रश्न मिटलेला. (४८८८९ च्या अंकांची बेरीज ३७, म्हणून ३ आणखी जात नाही.) उरले ४४ भागाकार. त्यातले काही एकदम उरकतात. ७ × ११ × १३ = १००१, म्हणून उजवीकडून तीन-तीन अंकांचे गट पाडा आणि आळीपाळीने वजा-अधिक करा. ८८९ − ४८ = ८४१. हा ८४१ म्हणजे २९ चा वर्ग, त्याला ७, ११, १३ पैकी कुणीही भाग देत नाही. एका वजाबाकीत तिघे गेले. हीच युक्ती ४४००११ वर करून पाहा: ४४० − ११ = ४२९, आणि ४२९ = ३ × ११ × १३. म्हणजे ४४००११ ला ११ आणि १३ दोन्ही भाग देतात. पुरतं उलगडलं तर ११ × १३ × १७ × १८१. दहा घरं पुढची संख्या, पण स्वभाव पार वेगळा.

गटांची बेरीज केली तर ३७ ची कसोटी मिळते, कारण ९९९ ला ३७ भाग देतो. ४८ + ८८९ = ९३७, ३७ ने भागल्यावर बाकी १२. आणि दोन-दोन अंकांचे गट आळीपाळीने केले तर १०१ ची: ८९ − ८८ + ४ = ५. दोघे बाद.

बाकीच्या ३९ साठी मी रेवाला शेपूट कापायला शिकवलं. पूर्ण भागाकार करायचाच नाही. ज्या मूळ संख्येने तपासायचं, तिची अशी पट वजा करा की शेवटी शून्य येईल, मग ते शून्य खोडा, पुन्हा तेच. १० ला त्या संख्येने भाग जात नसल्यामुळे शून्य खोडल्याने उत्तर बदलत नाही. ३१ घ्या. ४८८८९ मधून ३१ × ९ = २७९ वजा, राहिले ४८६१०, शून्य खोडून ४८६१. त्यातून ३१ वजा, ४८३०, म्हणजे ४८३. त्यातून ९३ वजा, ३९०, म्हणजे ३९. ३९ ही ३१ ची पट नाही, ३१ बाद. मोठ्या संख्यांना तर याहून लवकर संपतं. २११ च्या वेळी ४८८८९ मधून १८९९ वजा, ४६९९०, म्हणजे ४६९९. पुन्हा १८९९ वजा, २८००, म्हणजे २८. संपलं. एक सावधानी: या पद्धतीत शेवटी उरणारी संख्या ही खरी बाकी नसते. भाग जातो की नाही एवढंच ती सांगते.

तिसऱ्या दुपारी रेवा ओरडली, "आजी, सापडला! ८३!" तिने लांब भागाकार करून ५८९ उत्तर आणि बाकी शून्य लिहिली होती. चेहरा असा फुलला होता की मला तपासायला सांगवेना, पण सांगितलं. ८३ × ५८९ चा शेवटचा अंक पाहा, ३ × ९ = २७, म्हणजे शेवटी ७ यायला हवा. आपल्या संख्येत ९ आहे. पूर्ण गुणाकार ४८८८७ येतो, दोन कमी. शेपूट कापून पाहिलं: ४८८८९ − २४९ = ४८६४०, ४८६४ − ६६४ = ४२००, उरले ४२. भाग जात नाही. अवयव सापडल्यासारखा वाटला की गुणून पाहायचंच, निदान शेवटचा अंक तरी.

शेवटच्या २११ पर्यंत कुणी भाग दिला नाही. म्हणजे ४८८८९ मूळ. आणि

४४०००१ = ३ × ३ × ४८८८९.

ही एक ओळ हातात आली की पहिला कप्पा भराभर भरतो. विभाजक किती? ३ शून्य वेळा, एकदा किंवा दोनदा घेता येतो, म्हणजे तीन पर्याय. ४८८८९ घ्यायचा किंवा नाही, दोन पर्याय. तीन दुणे सहा: १, ३, ९, ४८८८९, १४६६६७ आणि ४४०००१. साडेचार लाखांच्या घरातली संख्या आणि वाटे पाडायचे फक्त सहा मार्ग. सगळ्या विभाजकांची बेरीज (१ + ३ + ९) × (१ + ४८८८९), कारण प्रत्येक विभाजक दोन्ही कंसांतून एकेक उचलून बनतो. १३ × ४८८९० = ६३५५७०. त्यातून ती संख्याच वजा केली की १९५५६९ उरतात. ही बेरीज संख्येहून कमी भरली, म्हणून ४४०००१ न्यून. बरोबर भरली असती तर परिपूर्ण, जशा ६, २८, ४९६. जास्त भरली तर अधिक. धरमपेठ, शंकरनगरकडचा ४४००१० घ्या. तो २ × ३ × ३ × ५ × ४८८९. त्याच्या स्वतःखेरीज विभाजकांची बेरीज ७०४२५०, संख्येपेक्षा कितीतरी वर. २ आणि ५ आत आले, एवढ्यानेच ही कूस बदलली.

पहिल्या कप्प्यातला मला सर्वांत आवडलेला गुण मात्र दोन वर्गांचा. फर्मा या गणितीने सतराव्या शतकात सांगितलं आणि ऑयलर या दुसऱ्या गणितीने अठराव्या शतकात सिद्ध केलं की ४ ने भागून बाकी १ उरणारी प्रत्येक मूळ संख्या दोन वर्गांची बेरीज असते, आणि तशी लिहायची रीत एकच असते. ४ साठी शेवटचे दोन अंक पाहायचे. ८९ ला ४ ने भागून बाकी १. म्हणजे ४८८८९ दोन वर्गांत फुटणारच! फुटणार हे कळलं, कुठे ते शोधायचं राहिलं. २२१ पासून खाली उतरा: प्रत्येकाचा वर्ग ४८८८९ मधून वजा करा आणि उरलेला पूर्ण वर्ग आहे का पाहा. वर्गाच्या शेवटी २, ३, ७, ८ कधीच येत नाहीत, त्यामुळे काही वजाबाक्या बघताक्षणी टाकता येतात. २११ ला ४३६८ उरले, ६६ चा वर्ग ४३५६, पण शेवटी ८ असल्याने एवढंही पाहायची गरज नव्हती. २१० ला ४७८९ उरले, ६९ चा वर्ग ४७६१, थोडक्यात हुकलं. २०९ ला ५२०८. आणि चौदाव्या खेपेला, २०८ वर, ५६२५. मी पाहिलं आणि काही बोलले नाही. रेवा कागदाकडे बघत राहिली, मग हळूच म्हणाली, "पंच्याहत्तरचा वर्ग."

२०८ चा वर्ग ४३२६४, ७५ चा ५६२५, बेरीज ४८८८९. २०८ आणि ७५ दोन्ही तिप्पट केले की वर्ग नऊपट होतात: ६२४ चा वर्ग अधिक २२५ चा वर्ग बरोबर ४४०००१. म्हणजे कस्तुरचंद पार्ककडून ६२४ मीटर सरळ चालून काटकोनात वळलात आणि आणखी २२५ मीटर गेलात, तर निघाल्या जागेपासूनच्या सरळ अंतराचा वर्ग हा जीपीओचा पिनकोड. चौथ्या दिवशी ऊन उतरल्यावर रेवाने हे खरंच पावलांनी मोजून पाहिलं, रस्ता जिथे वळू देईल तिथे वळून. मी बाकावर बसून होते.

दुसरा कप्पा मी कमी लेखत नाही. तो आपल्या मातीतला आहे. देवळालीच्या शाळेत शिकवणारे दत्तात्रय रामचंद्र कापरेकर यांनी वही आणि पेन्सिलीवर जे शोधलं ते बहुतेक याच कप्प्यातलं. अंकांच्या बेरजेने भाग जाणाऱ्या संख्येला त्यांनी हर्षद नाव दिलं. आपली बेरीज ९, ९ ने भाग जातो, म्हणून ४४०००१ हर्षद. त्यांच्याच देवळाली संख्या अशा, की ज्या कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून बनत नाहीत. ४४०००१ तशी आहे का? शोधायची रीत: ती ४४०००० च्या आधीच्या संख्येतून आली असावी, म्हणून ४३९९ ने सुरू होणारी धरा आणि शेवटचे दोन अंक क, ख माना. ४३९९०० + १०क + ख आणि अंकांची बेरीज २५ + क + ख. मिळून ४४०००१ यायचे तर ११क + २ख = ७६. क सम हवा. ६ घेतला की ख ५. पडताळा: ४३९९६५ च्या अंकांची बेरीज ३६, आणि ४३९९६५ + ३६ = ४४०००१. जनक सापडला, म्हणून देवळाली संख्या नाही.

६१७४ तर सगळ्यांना माहीत आहे. अंक उतरत्या क्रमाने लावा, चढत्या क्रमाने लावा, वजा करा, पुन्हा तेच. चारही अंक सारखे नसतील तर चार अंकी संख्या ६१७४ वर येऊन थांबते. कापरेकरांनी हे १९४९ मध्ये मांडलं. सहा अंकांना मात्र असं एकच घर नाही. आपली संख्या अशी गेली: ४४१००० − १४४ = ४४०८५६, मग ८२०८७२, ८६४४३२, ६२९९६४, ७४९९४३, ६५२६४४, ४२०८७६. इथून पुढे ८५१७४२, ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४ आणि परत ४२०८७६. सात पावलांत ती सात संख्यांच्या फेऱ्यात शिरली आणि तिथेच फिरत राहते. एक सोपी गंमत लहान मुलांसाठी: ४४०००१ मध्ये उलटलेली संख्या १०००४४ मिळवा, ५४००४५ येते, दोन्हीकडून सारखी.

आता ती खूण लावून पाहू. ४४०००१ दोनच्या पायावर लिहायची तर मोठ्यात मोठी दोनाची घात वजा करत जा: २६२१४४, १३१०७२, ३२७६८, ८१९२, ४०९६. एवढं काढल्यावर जे उरलं ते पाहून मीच थबकले. १७२९! दोन घनांची बेरीज दोन रीतींनी होणारी रामानुजनांची तीच संख्या: १२ चा घन अधिक १ चा, आणि १० चा घन अधिक ९ चा. हा निव्वळ योगायोग आहे, त्यात अर्थ शोधू नका, पण भेटल्याचा आनंद खरा. १७२९ मधून १०२४, ५१२, १२८, ६४ आणि १ काढले की पूर्ण रूप मिळतं: ११०१०११०११०११०००००१. एकोणीस अंक, त्यात दहा वेळा १. अंकांची बेरीज झाली दहा, आणि ४४०००१ ला १० ने भाग जात नाही. हर्षद गेला. उलटी बेरीज, सात पावलांचा फेरा, तेही सगळं गेलं. ३ × ३ × ४८८८९ मात्र जसंच्या तसं, सहा विभाजक तसेच, ६२४ आणि २२५ तसेच. रेवाने ते दोन कप्पे पुन्हा नव्याने लिहून काढले, या वेळी मी न सांगता.

याहून मोठ्या संख्येवर हात टाकायचा असेल तर आधी हिशेब करा. दहा अंकी संख्येसाठी एक लाखापर्यंतच्या मूळ संख्या लागतात, त्या ९५९२ आहेत. हाताने ते होत नाही, संगणकाला काही वेळ लागत नाही. शेकडो अंकी संख्या मूळ आहे का हे भागून ठरवणं तर संगणकालाही अशक्य. त्यासाठी वेगळे रस्ते आहेत. मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी २००२ मध्ये कानपूरच्या आयआयटीतून असा एक दाखवला, ज्यात कसलाही अंदाज न घेता पक्कं उत्तर मिळतं आणि अंक वाढले तरी वेळ आवाक्यात राहतो. पण त्यातून संख्या मूळ आहे की नाही एवढंच कळतं, अवयव कळत नाहीत. अवयव शोधणं आजही अवघडच आहे.

रेवा परत गेली ती ४४०००९ घेऊन. अंकांची बेरीज १७, म्हणजे ९ ची मदत नाही, ३ ची पण नाही. ६६३ पर्यंत जावं लागणार, १२१ मूळ संख्या. काल फोनवर म्हणाली, "१०१ पर्यंत आले आजी, अजून कुणीच भाग देऊन नाही राहिला." पंच्याण्णव उरल्यात.